टेपविरहित कॅमेरा आणि चित्रणाचे दप्तर

टेपविरहित व्यावसायिक व्हिडिओ कॅमेरा खरेदी करण्यास निघालेला मनुष्य सहसा लेन्सचा पल्ला किती, सेन्सर केवढा, चित्र किती सूक्ष्म येते, याच प्रश्नांची यादी घेऊन दुकानात शिरतो. हे प्रश्न योग्यच आहेत. तथापि त्यांच्याही आधी एक प्रश्न त्याने स्वतःस विचारला पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि तो असा की, संध्याकाळी चित्रण संपल्यावर कार्डावरील ऐवज कोणाच्या हवाली होणार, त्याची नक्कल कोण करणार, ती अस्सलाबरहुकूम उतरली आहे याची रुजुवात कोण पाहणार, आणि दहा वर्षांनी तेच चित्रण पुन्हा पाहावयाचे झाल्यास ते कोठे सापडणार. ज्याच्यापाशी याचे उत्तर तयार नाही त्याने, समोरचा कॅमेरा कितीही उत्कृष्ट असो, तो तूर्त घेऊ नये.

टेपच्या युगात हा प्रश्न एवढा निकडीचा नव्हता. १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र उमटविणारे यंत्र लोकांपुढे ठेवले, त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला सीबीएसने फितीवर मुद्रित केलेले वृत्त पश्चिम किनाऱ्यावर प्रक्षेपित केले, आणि तेव्हापासून सुमारे अर्धशतकभर ज्या फितीवर चित्रण होई तीच फीत पुढे संग्रहातील अस्सल दस्तऐवज होऊन राही. १९८२ साली सोनीने बीटाकॅम आणून कॅमेरा आणि मुद्रणयंत्र एकाच खांद्यावर एकत्र बसविले तेव्हाही ही रीत बदलली नाही. छायाचित्रकाराने कॅसेट बाहेर काढली, तिच्यावर चुकून पुन्हा मुद्रण होऊ नये म्हणून तिची कळ फिरविली, पाठीवर तारीख, स्थळ आणि विषय लिहून ती कपाटात उभी केली, की कोणी मुद्दाम तजवीज केली नसतानाही दप्तर आपोआप तयार होत गेले. फिती महाग होत्या त्या काळात मोठ्या केंद्रांनी काटकसरीपोटी त्या पुसल्या हे खरे आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत बीबीसीने आपले पुष्कळ कार्यक्रम अशा रीतीने कायमचे गमावले. परंतु तेथे पुसण्यासाठी कोणालातरी निर्णय घ्यावा लागे. आजच्या कार्डाच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी झाली आहे: पुसणे हा रोजचा परिपाठ आहे, आणि जपण्यासाठी निर्णय घ्यावा लागतो. टेपविरहित कॅमेऱ्याने घडवून आणलेला खरा पालट हाच होय, चित्राच्या गुणवत्तेतील वाढ ही त्यामानाने दुय्यम बाब आहे.

फितीचे दोष मात्र थोडे नव्हते, आणि तिच्याविषयीच्या ममतेपोटी ते झाकून ठेवणे न्याय्य होणार नाही. एक तासाचे चित्रण संगणकात उतरविण्यास पुरा एक तास लागे. हवे ते दृश्य शोधण्यासाठी फीत पुढे-मागे पळवावी लागे. मुद्रणशीर्षावर धूळ बसली म्हणजे चित्रात पांढऱ्या रेघा उमटत. आणि आपल्याकडील पावसाळी दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्याच्या पट्ट्यात, फितीवर बुरशी चढून आतले चित्र बाद होण्याचा धोका सदैव असे. म्हणून १९९५ साली इकेगामी आणि एव्हिड या कंपन्यांनी मिळून, फितीच्या जागी हार्डडिस्कवर चित्रण करणारा कॅमेरा पुढे आणला, तेव्हा त्यामागील विचार अगदी योग्य होता, फक्त तो काळाच्या आधी आला होता. सोनीने २००३ मध्ये एक्सडीकॅम या नावाने सुमारे २३ गिगाबाइट मावणारी, निळ्या-जांभळ्या लेझरने लिहिली जाणारी तबकडी आणली. पाठोपाठ पॅनासॉनिकने पी-टू हे कार्ड आणले, ज्यात ना फीत होती, ना फिरणारा कोणताही भाग. २००७ मध्ये सोनीचा ईएक्स-वन हा हाती धरण्याजोगा कॅमेरा एसएक्सएस कार्डांसह बाजारात आला. मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामीत जपानमधील सेंदाई परिसरातील सोनीचा टेपनिर्मितीचा कारखाना निकामी झाला आणि एचडीकॅम-एसआर या उच्च प्रतीच्या फितींचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा तोवर फितीला चिकटून राहिलेल्या अनेक निर्मात्यांनाही फाइलीच्या मार्गावर यावे लागले.

आरंभीची ही कार्डे किती महाग आणि किती लहान होती हे आज आठवले पाहिजे, कारण आपल्या सवयी त्याच टंचाईतून घडल्या आहेत. पॅनासॉनिकच्या एचव्हीएक्स-२०० या २००५ साली आलेल्या कॅमेऱ्यात उच्च दर्जाचे चित्रण मिनिटाला जवळजवळ एक गिगाबाइट जागा खात असे, आणि कार्डे मिळत ती चार किंवा आठ गिगाबाइटची. म्हणजे आठ मिनिटांत कार्ड भरले, ते जागेवरच लॅपटॉपवर उतरविले, पुसले, आणि पुन्हा कॅमेऱ्यात घातले. धावपळीत, रस्त्यावर, एकाच डिस्कच्या भरवशावर अस्सल प्रत दिवसातून कितीतरी वेळा पुसली जाऊ लागली. आज कार्डे मुबलक आणि मोठी झाली तरी ती घाई पुष्कळांच्या हातात तशीच राहून गेली आहे.

आता निवडीकडे वळू. माझ्या मते निवडीचा आरंभ हिशेबापासून करावा, आणि हा हिशेब बिटरेटचा आहे. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दर सेकंदाला अमुक मेगाबिट असा आकडा दिलेला असतो. त्यास आठाने भागले म्हणजे मेगाबाइट मिळतात, आणि त्यावरून तासाचा खप काढता येतो. दर सेकंदास ५० मेगाबिट या दराने फुल एचडी चित्रण केले तर तासाला सुमारे साडेबावीस गिगाबाइट लागतात. फोर-केमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या २५० मेगाबिटच्या पद्धतीत तोच तास सुमारे ११२.५ गिगाबाइट जागा घेतो. एखाद्या देवस्थानचा तीन दिवसांचा कीर्तनमहोत्सव एका कॅमेऱ्याने रोज सहा तास चित्रित करावयाचा आहे असे समजा. पहिल्या पद्धतीने सगळे मिळून सुमारे ४०५ गिगाबाइट होतात, दुसऱ्या पद्धतीने दोन टेराबाइटांच्या वर. आणि प्रत्येक वस्तूच्या दोन प्रती ठेवावयाच्या हा नियम पाळला, जो पाळलाच पाहिजे, तर हे आकडे दुप्पट होतात. कॅमेरे दोन लावले तर पुन्हा दुप्पट. ज्या संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक एवढ्या डिस्का पेलू शकत नाही तिने फोर-केच्या मोहात पडण्यात शहाणपण नाही; उत्तम प्रकाशात, उत्तम लेन्समधून, नीट आवाजासह घेतलेले फुल एचडी चित्रण आजही अत्यंत समाधानकारक असते.

बिटरेटइतकाच महत्त्वाचा भाग कोडेकचा, म्हणजे चित्र आकसून लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, आणि त्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. या पद्धती मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे, स्वतःपुरती संपूर्ण लिहिली जाते. दुसऱ्या प्रकारात, जुन्या जमाखर्चाच्या वहीत कारकून एक नोंद तपशीलवार लिहून पुढील ओळींत ‘सदरप्रमाणे, फरक एवढाच’ असे लिहीत जाई त्याप्रमाणे, सुमारे अर्ध्या सेकंदातून एक फ्रेम पूर्ण लिहून मधल्या फ्रेमांचा केवळ फरक नोंदविला जातो. दुसऱ्या पद्धतीने जागा फार वाचते. पण गुलालाची उधळण, पावसाची झड किंवा लेझीमचा वेग अशा प्रसंगी जेथे प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमहून सर्वस्वी निराळी असते, तेथे फरकच एवढा मोठा होतो की ठरावीक बिटरेटमध्ये तो मावत नाही आणि चित्रात चौकोनी ठिगळे दिसू लागतात. शिवाय एखादी पूर्ण फ्रेम बिघडली तर तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या साऱ्या फ्रेमा बिघडतात, आणि संकलनाच्या वेळी संगणकास प्रत्येक फ्रेम नव्याने जुळवीत बसावे लागते.

केवळ कोडेकमुळे कॅमेऱ्याचे भवितव्य कसे ठरते याचा एक चांगला दाखला उपलब्ध आहे. ईएक्स-वनमध्ये अर्ध्या इंचाचे तीन सेन्सर होते, लेन्स उत्कृष्ट होती, आणि चित्र पाहून जाणकार प्रसन्न होत; परंतु तो आपल्या कार्डावर ३५ मेगाबिट या दराने, रंगाचा तपशील आडवा व उभा दोन्ही दिशांनी निम्मा करून लिहीत असे. युरोपीय प्रक्षेपण संघाने एचडी चित्रणासाठी फरक नोंदविणाऱ्या पद्धतीत किमान ५० मेगाबिट आणि स्वतंत्र फ्रेमांच्या पद्धतीत किमान १०० मेगाबिट, आणि रंगाचा तपशील फक्त आडव्या दिशेनेच निम्मा केलेला, अशी शिफारस ठरविली होती. त्यामुळे त्या उत्तम कॅमेऱ्याला बाहेरून स्वतंत्र रेकॉर्डर जोडून काम करण्याची पाळी अनेकांवर आली. २०१० साली कॅननने एक्सएफ-३०५ हा त्याहून लहान, एक तृतीयांश इंचाच्या सेन्सरांचा कॅमेरा आणला. त्याचे सेन्सर लहान असूनही तो साध्या सीएफ कार्डावर ५० मेगाबिटची, रंगांचा हवा तेवढा तपशील राखणारी फाइल लिहीत असल्यामुळे बीबीसीने त्यास एचडी कार्यक्रमांसाठी मान्यता दिली. काचेतून आत आलेले चित्र कितीही सुंदर असले तरी शेवटी हाती उरते ते कार्डावर लिहिले गेलेले चित्र. म्हणून आठ बिटचा कॅमेरा प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या नोंदवितो आणि दहा बिटचा १०२४, हा फरकही क्षुल्लक मानू नये. संध्याकाळच्या आकाशातील सावकाश उतरत जाणारी छटा आठ बिटच्या फाइलीत, विशेषतः नंतर रंगसंस्कार करू गेल्यास, पट्ट्यापट्ट्यांनी तुटलेली दिसते.

सेन्सरच्या आकाराविषयी अलीकडे नको तितका आग्रह धरला जातो. २००८ साली कॅननच्या फाइव्ह-डी मार्क-टू या मुळात छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याने फुल एचडी चित्रफिती घेण्यास आरंभ केला, आणि मागची पार्श्वभूमी विरघळून जाणारे, चित्रपटासारखे भासणारे चित्र सामान्य मनुष्याच्या आवाक्यात आले, ही निःसंशय मोठी घटना होती. परंतु त्याच कॅमेऱ्यात एक सलग फाइल चार गिगाबाइटपुढे, म्हणजे सुमारे बारा मिनिटांपुढे जात नसे, आणि दोन तासांच्या कीर्तनास, परिषदेस किंवा संगीताच्या मैफलीस ती मर्यादा घातक आहे. मोठ्या सेन्सरात स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद असतो की वक्ता एक पाऊल पुढे सरकला तरी त्याचा चेहरा धूसर होतो. एकट्याने काम करणाऱ्या छायाचित्रकारास तो दिवसभर सांभाळणे कठीण जाते. ज्याला प्रसंगांचे, मुलाखतींचे, लोककलांचे चित्रण करावयाचे आहे त्याने मध्यम किंवा लहान सेन्सरचा, दूरवर पोहोचणाऱ्या झूमचा, पोटातच एनडी फिल्टर बसविलेला आणि आवाजासाठी एक्सएलआरची दोन तोंडे असलेला कॅमेरा घ्यावा. कथापटाच्या मागे असलेल्याची गोष्ट वेगळी. त्याने मोठ्या सेन्सरचा अवश्य विचार करावा.

आवाजाच्या बाबतीत थोडक्यात इतकेच की, कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा कॅमेऱ्यातून मिळतो की नाही, आणि प्रत्येक चॅनेलची पातळी हाताने फिरविता येणारी स्वतंत्र चकती आहे की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. स्पर्शपडद्याच्या चौथ्या पानावर दडलेली पातळी ऐन प्रसंगी कोणालाही सापडत नाही.

कार्डाची दोन घरे असलेला कॅमेराच घ्यावा, ही अट मी कोणत्याही परिस्थितीत सैल करणार नाही. दोन घरांमुळे एक कार्ड भरल्यावर चित्रण खंड न पडता दुसऱ्यावर सुरू राहते. आणि त्याहून मोलाची सोय म्हणजे एकाच वेळी दोन्ही कार्डांवर तेच चित्रण लिहिता येते, म्हणजे नक्कल चित्रणाच्या क्षणीच तयार होते. विवाह, शपथविधी, वृद्ध कलावंताची मुलाखत, अशा पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगी या सोयीपुढे कार्डाचा जास्तीचा खर्च नगण्य आहे. एसडी कार्डांवर ‘व्ही’ अक्षरापुढे ३०, ६० किंवा ९० हा आकडा छापलेला असतो. ते कार्ड सेकंदाला निदान तेवढे मेगाबाइट सातत्याने लिहील अशी ती हमी असते. येथे मेगाबाइट आणि मेगाबिट यांची गल्लत करू नये. बाजारात नामांकित कार्डांच्या हुबेहूब बनावट प्रती फिरत असल्यामुळे कार्ड अधिकृत विक्रेत्याकडूनच, पावतीसह घ्यावे, आणि पहिल्या खऱ्या कामापूर्वी ते शेवटपर्यंत भरून, उतरवून पाहावे.

चित्रणाच्या दिवशी कॅमेऱ्यातील तारीख व वेळ प्रथम बरोबर लावावी, कारण पुढे शेकडो क्लिपांची ओळख त्याच दोन गोष्टींवर पटते. कॅमेरे दोन असतील तर दोन्हींचा टाइमकोड जुळवून घ्यावा. कार्ड संगणकात नव्हे तर त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आणि दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदास २५ फ्रेमांची असल्यामुळे शटर १/५० वर ठेवले तर ट्यूबलाइटचे फडफडणे चित्रात सहसा उतरत नाही. मंगल कार्यालयांतील स्वस्त एलईडी दिव्यांखाली मात्र आधी थोडे चित्रण करून, ते पडद्यावर नीट न्याहाळून मगच पुढे जावे. बहुतेक व्यावसायिक कॅमेऱ्यांत बटण दाबण्यापूर्वीची काही सेकंदे सतत लक्षात धरून ठेवण्याची सोय असते. पालखी वळणावर येण्याची वाट पाहणाऱ्यास, किंवा निकालाच्या प्रतीक्षेत न्यायालयाबाहेर उभ्या असलेल्या वार्ताहरास, या सोयीचा जो उपयोग होतो तो फितीच्या काळात कल्पनेतही नव्हता.

खरी कसोटी सुरू होते ती संध्याकाळी. कार्डावरील फोल्डरांची रचना निर्मात्याने ठरविलेली असते आणि तिला कोणत्याही कारणास्तव हात लावू नये. पी-टू कार्डावर चित्र आणि आवाज निरनिराळ्या फोल्डरांतील निरनिराळ्या फाइलींत लिहिलेले असतात. चित्राचे फोल्डर मोठे दिसते म्हणून केवळ तेवढेच उचलणाऱ्याच्या हाती मुकी दृश्ये येतात, आणि हे कळते तोपर्यंत कार्ड बहुधा पुसले गेलेले असते. ईएक्सच्या कार्डावर एका मुख्य फोल्डरात सर्व ऐवज असतो आणि लांब क्लिप तुकड्यांत विभागलेली असते, त्या तुकड्यांना जोडणारी नोंद बाजूच्या लहानशा फाइलीत असते. म्हणून नियम असा की कार्ड मुळापासून, जसेच्या तसे, तारीख व कार्डाचा क्रमांक घातलेल्या स्वतंत्र फोल्डरात उतरवावे. फाइलीची नावे त्या वेळी बदलू नयेत.

उतरवून झाल्यावर रुजुवात. संगणकाने ‘काम पूर्ण’ असे सांगितले एवढ्यावर विसंबू नये. अस्सल आणि नक्कल या दोहोंचा चेकसम काढून तो ताडून पाहणारे सॉफ्टवेअर वापरावे. चेकसम म्हणजे फाइलीतील प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेली एक छोटी खूण. मजकुरात एका बिटाचा जरी फरक पडला तरी ती पार बदलते, आणि म्हणून दोन खुणा जुळल्या की नक्कल अस्सलाबरहुकूम आहे याची खातरजमा होते. दोन वेगळ्या डिस्कांवर अशा दोन रुजू नकला झाल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करू नये, आणि त्या दोन डिस्का एका पिशवीत, एका गाडीत, एका घरात ठेवू नयेत. चमूत हे काम कितीही माणसे करू शकत असली तरी त्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी, आणि तिने सही केल्यावाचून कोणतेही कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जाऊ नये. कोणत्या कार्डावर काय आहे, कोण बोलत आहे, स्थळ कोणते, हे त्याच रात्री वहीत लिहून काढावे. क्लिपचा क्रमांक माणसाचे नाव सांगत नाही.

दीर्घकालीन जतनाचा प्रश्न याहून कठीण आहे. हार्डडिस्क काही वर्षांनी नादुरुस्त होणार हे गृहीत धरूनच चालावे, आणि कार्ड तर जतनाचे साधन मुळीच नव्हे. मोठी दूरचित्रवाणी केंद्रे आणि चित्रसंस्था या कामासाठी एलटीओ नावाची चुंबकीय फीत वापरतात. ती २००० साली प्रचारात आली, २०१० पासून तिच्यावर फाइली डिस्कप्रमाणे मांडून ठेवण्याची सोय झाली, आणि तिच्या नवव्या पिढीतील एका कॅसेटवर १८ टेराबाइट ऐवज मावतो. तिचे यंत्र व्यक्तीला परवडण्याजोगे नाही, परंतु चार-पाच संस्थांनी मिळून ते घेतले आणि आपापले चित्रण वर्षातून एकदा त्यावर चढविले, तर महाराष्ट्रातील कितीतरी नाट्यसंस्था, संगीत मंडळे आणि महाविद्यालये आपले दप्तर शाबूत राखू शकतील. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी निदान पाच वर्षांतून एकदा सर्व ऐवज नव्या डिस्कांवर हलवावा आणि प्रत्येक वेळी रुजुवात पाहावी.

कॅमेऱ्यासाठी जी रक्कम बाजूस काढली असेल तिचा एक तृतीयांश भाग कार्डे, डिस्का, बॅटरी, माइक आणि एका दणकट ट्रायपॉडसाठी राखून ठेवावा, आणि उरलेल्या रकमेत बसेल तोच कॅमेरा पाहावा. पसंत पडलेला कॅमेरा आधी दोन दिवस भाड्याने आणावा. पहिल्या दिवशी त्यावर आपल्या नेहमीच्या कामासारखे काम करावे, रात्री त्याचे चित्रण उतरवून रुजू करावे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच संगणकावर त्याचे संकलन करून पाहावे. हे सर्व निर्वेध पार पडले तरच विक्रेत्यास विसार द्यावा.